मधल्या बजेटचा पीसी : मदरबोर्डवर किती खर्च करायचा आणि कशासाठी

मदरबोर्डमुळे पीसी वेगवान होत नाही. रायझेन ५ ७६०० हा प्रोसेसर साध्या ए६२० बोर्डवर बसवा किंवा त्याच्या कितीतरी पट महाग असलेल्या एक्स८७०ई बोर्डवर बसवा. रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तेच असेल तर गेममध्ये फ्रेम जवळपास तेवढ्याच मिळतात आणि एक्सेलची फाइलही तेवढ्याच वेळात उघडते. तरीही दुकानदार म्हणतो, "बोर्ड जरा वरचा घ्या साहेब, पुढे कामाला येईल," आणि आपण मान डोलावतो. पुढे नेमकं काय कामाला येणार, हे ना तो सांगत ना आपण विचारत.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. बोर्ड वेग वाढवत नसला तरी खाली ओढू शकतो. ताकदवान प्रोसेसरला पुरेशी वीज देता आली नाही, ग्राफिक्स कार्डाला अर्धाच रस्ता मिळाला किंवा रॅम तिच्या पूर्ण गतीने चालवता आली नाही, तर पैसे भरलेला वेग वाया जातो. म्हणून स्वस्त बोर्ड घेणं यात काही चूक नाही, आंधळेपणाने स्वस्त घेणं मात्र महागात पडतं.

माझा निकष एकच आहे. जे नंतर थोडक्या पैशांत बाहेरून जोडता येतं, त्यासाठी आज बोर्डवर जास्त पैसे मोजायचे नाहीत. जे बोर्ड बदलल्याशिवाय मिळणारच नाही, तिथे हात आखडायचा नाही. वाय-फाय, ब्लूटूथ, चांगला आवाज, जादा यूएसबी, रंगीत दिवे हा सगळा पहिला गट. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, प्रोसेसरला वीज पुरवणारं सर्किट, एसएसडीच्या जागा आणि बायोसची, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरची, देखभाल हा दुसरा. गंमत अशी, की खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते बहुतेक पहिल्या गटातलं.

मधलं बजेट म्हणजे मी इथे काय धरतोय तेही सांगतो. सहा किंवा आठ कोअरचा प्रोसेसर, आरटीएक्स ४०६०-५०६० किंवा त्याच तोडीचं रेडिऑन कार्ड, ३२ जीबी रॅम, एक-दोन एसएसडी. गेम खेळणारा, थोडंफार व्हिडिओ एडिटिंग करणारा, कोड लिहिणारा माणूस असा पीसी घेतो.

आधी सॉकेट ठरतं, मग बोर्ड

बोर्ड कधीच आधी निवडायचा नाही. आधी प्रोसेसर, त्यावरून सॉकेट, सॉकेटवरून चिपसेट (बोर्डवरची बाकीची जोडणी सांभाळणारी चिप) आणि मग बोर्ड. सध्या या बजेटात चार सॉकेट समोर येतात.

एएम४ हा एएमडीचा जुना सॉकेट २०१६ मध्ये आला. रायझेन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि डीडीआर४ रॅम ही जोडी अजून चांगलं काम देते. घरात डीडीआर४ रॅम पडून असेल तर हा व्यवहार शहाणपणाचा आहे. फक्त या सॉकेटला पुढे रस्ता नाही, हे मान्य करून घ्यायचं. इथे एक मेखही आहे. ए५२० आणि बी४५० बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० चा असतो. पीसीआयई म्हणजे कार्ड किंवा एसएसडीपर्यंत माहिती नेणारा रस्ता, आणि लेन म्हणजे त्यातल्या मार्गिका. आरटीएक्स ४०६०, ५०६० किंवा आरएक्स ७६०० ही कार्डं दिसायला पूर्ण लांबीची असली तरी आतून फक्त आठ लेन वापरतात. पीसीआयईची प्रत्येक पिढी मागच्यापेक्षा दुप्पट माहिती वाहते, म्हणून ३.० च्या बोर्डवर या आठ लेनना ४.० च्या निम्मीच वाट मिळते. कार्डाची मेमरी पुरत असेल तोवर हे जाणवत नाही. पण ८ जीबी मेमरी भरली आणि कार्ड सिस्टिमच्या रॅमकडे धाव घेऊ लागलं, की गेम अडखळू लागतो. बी५५० घेतला आणि त्यावर रायझेन ५ ५६०० लावला तर ४.० मिळतं. त्याच बी५५० वर ५६००जी किंवा ५५०० लावला तर पुन्हा ३.० वरच, कारण ते प्रोसेसरच ३.० चे आहेत.

इंटेलचा एलजीए १७०० हा सॉकेट २०२१ चा. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर यावर बसतात. आय५-१२४००एफ हा यातला स्वस्तातला लाडका. या सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात आणि त्यांची नावं इतकी सारखी असतात की ऑनलाइन मागवताना हमखास गफलत होते. दोन्ही रॅममध्ये २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसणार नाही, जोर लावला तर तुटेल. ऑर्डर करताना बोर्डाच्या पूर्ण नावात 'डी४' किंवा 'डीडीआर४' आहे की नाही हे अक्षर न् अक्षर वाचा.

इंटेलचा नवा एलजीए १८५१ ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेसोबत आला. गेमसाठी पैसा वसूल करायचा तर मी त्याकडे पहिल्यांदा बघणार नाही. एडिटिंग आणि रेंडरिंग करणाऱ्यांनी जरूर बघावा.

राहिला एएम५. हा २०२२ मध्ये आला, रायझेन ७०००, ८००० आणि ९००० मालिका याच सॉकेटमध्ये बसतात आणि २०२७ व त्यापुढेही तो चालू ठेवण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. आज सहा कोअरचा प्रोसेसर लावून तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा असेल, तर नव्याने पीसी जमवणाऱ्याने इथेच यावं. अडचण रॅमची. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की अनेकांचं गणित कोलमडलं. म्हणून बोर्डाची किंमत एकटी बघू नका. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम यांची बेरीज करून दोन सॉकेटांची तुलना करा.

चिपसेटच्या नावातली गंमत

एएम५ च्या रायझेन ७००० आणि ९००० प्रोसेसरमधून वापरण्याजोग्या २४ पीसीआयई लेन थेट निघतात. त्यातल्या १६ ग्राफिक्स कार्डाच्या, ४ पहिल्या एसएसडीच्या, उरलेल्या ४ बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर. यूएसबी पोर्ट, साटा (हार्ड डिस्कची जोडणी), नेटवर्क, दुसरी-तिसरी एसएसडी हा बाकीचा पसारा चिपसेट सांभाळतो. म्हणजे एकच ग्राफिक्स कार्ड आणि एकच एसएसडी लावणाऱ्याचं महत्त्वाचं काम चिपसेटच्या हातून जातच नाही.

आता नावं बघा. बी६५० आणि बी८५० यांच्यात तीच चिप आहे. एक्स८७० मध्येही तीच एक चिप, सोबत यूएसबी४ देण्याची सक्ती. एक्स६७० आणि एक्स८७०ई मध्ये तीच चिप दोनदा. बी८५० मध्ये एसएसडीला पीसीआयई ५.० देणं बंधनकारक केलं आहे, बी६५० मध्ये ते ऐच्छिक होतं. मधल्या बजेटात ५.० ची एसएसडी घेणं म्हणजे उगाच मिरवणं. ४.० च्या चांगल्या एसएसडीचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ७ जीबी असतो आणि तोही रोजच्या वापरात क्वचितच लागतो. म्हणून बी८५० फक्त 'नवा' आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका. किंमत सारखीच असेल तर खुशाल घ्या.

खरा सापळा बी८४० आहे. नावात आठ असल्यामुळे तो बी६५० चा पुढचा भाऊ वाटतो, पण क्षमतेने तो त्याच्याखाली, ए६२० च्या जवळ बसतो. त्यावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त गतीने चालवणं, होत नाही आणि चिपसेटकडून मिळणाऱ्या लेन पीसीआयई ३.० च्या आहेत. ए६२० चंही तसंच. पण रॅमची ओव्हरक्लॉक प्रोफाइल दोन्हीवर चालते, आणि या वर्गातल्या गिऱ्हाइकाला तेवढंच लागतं.

इंटेलकडे एच६१० हा सर्वांत खालचा. त्यावर रॅमचे दोनच स्लॉट, रॅम अधिकृत गतीच्या वर जात नाही आणि प्रोसेसरमधून एसएसडीसाठी निघणाऱ्या चार लेन बंद असतात. त्यामुळे एसएसडी चिपसेटवरून ३.० च्या वेगाने चालते. ऑफिसच्या मशीनला काहीच हरकत नाही. त्याच्या वरचा बी७६० रॅमची गती वाढवू देतो, एसएसडीला ४.० देतो. आणि १२४००एफ सारख्या 'के' नसलेल्या प्रोसेसरखाली झेड मालिकेचा बोर्ड लावणं ही निव्वळ उधळपट्टी, कारण झेडची मुख्य खुबी म्हणजे प्रोसेसरचा गुणक (त्याची गती ठरवणारा आकडा) वाढवणं, आणि तो या प्रोसेसरमध्ये कुलूपबंदच असतो.

व्हीआरएम : इथे मात्र थांबून बघा

एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यातून, बोर्डाला १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरच्या कोअरना लागतात साधारण १ ते १.३ व्होल्ट. हा उतार जे सर्किट करतं ते व्हीआरएम. गावाबाहेरच्या डीपीचं काम हेच. वरच्या दाबाची वीज घ्यायची, खालच्या दाबाने द्यायची, आणि भर उन्हाळ्यात सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले तरी टिकून राहायचं.

आकडे बघू. रायझेन ५ ७६०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात त्याची वरची मर्यादा ८८ वॅट आहे. समजा सगळी वीज १.१ व्होल्टला गेली, तर प्रवाह झाला ८० अँपिअर. नखाएवढ्या तुकड्यात ८० अँपिअर! हा प्रवाह एका वाटेने नेणं शक्य नाही, म्हणून तो अनेक 'फेज'मध्ये वाटतात. प्रत्येक फेजमध्ये दोन इलेक्ट्रॉनिक स्विच, एक चोक आणि कपॅसिटर असतात. बोर्डवर सॉकेटच्या कडेला ओळीने दिसणारे करडे-काळे चौकोनी ठोकळे म्हणजे हे चोक.

आठ फेज असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १० अँपिअर येतात, चार असतील तर २०. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २० अँपिअरच्या फेजमध्ये १० च्या चौपट उष्णता. अशा चार फेज मिळून, तेच भाग वापरले असतील तर, आठ फेजच्या दुप्पट तापतात. फेजची संख्या वाढवण्यामागे हा साधा हिशेब आहे. वेग वाढावा म्हणून फेज वाढवत नाहीत.

जाहिरातीतला आकडा मात्र सावधपणे वाचायचा. '८+२+१' लिहिलं असेल तर कोअरसाठी आठ, मेमरी कंट्रोलर वगैरे ज्या भागात असतात त्या एसओसीसाठी दोन, आणि किरकोळ कामाला एक. कुणी याची बेरीज करून '११ फेज' छापतं. कुणी एकाच इशाऱ्यावर दोन-दोन भाग चालवून संख्या फुगवतं. आपण पहिला आकडा बघायचा, आणि त्यापुढे भाग कुठले आहेत ते. दोन्ही स्विच आणि त्यांचा चालक एकाच चिपमध्ये बसवलेला असला की त्याला डीआरएमओएस म्हणतात. सुट्या स्विचपेक्षा तो कमी तापतो. तो ५० अँपिअरचा की ६० चा, यात मधल्या बजेटवाल्याला फारसा फरक पडत नाही.

मग कुणाला किती लागतं? रायझेन ५ ७५००एफ, ७६००, ९६००एक्स किंवा आय५-१२४००एफ या मंडळींना व्हीआरएमवर हीटसिंक असलेला जवळपास कुठलाही बोर्ड सांभाळून घेतो. १२४००एफ टर्बोमध्ये ११७ वॅटपर्यंत जातो. रायझेन ७ ७८००एक्स३डी (एक्स३डी म्हणजे जादा कॅश मेमरीचा, गेमसाठीचा प्रोसेसर) ची मर्यादा १६२ वॅट असली तरी गेम खेळताना तो त्याच्या बराच खाली राहतो. आय५-१४६००के १८१ वॅट आणि आय७-१४७००के २५३ वॅटपर्यंत जातो. ते उघड्या व्हीआरएमच्या स्वस्त बोर्डवर लावले की बोर्ड तापतो, प्रोसेसरचा वेग खाली आणतो, आणि महागड्या प्रोसेसरने साध्या प्रोसेसरचं काम दिलं असा प्रकार होतो. ए६२० ची आखणीच मुळात ६५ वॅटच्या प्रोसेसरसाठी आहे. त्याच्यावरचे चालवायचे की नाही, हे बोर्ड बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून एएम५ चा बोर्ड घेताना पुढच्या बदलाचाही विचार करायचा. तीन वर्षांनी आठ कोअरचा एक्स३डी लावणार असाल तर बी६५० चा आठ फेजवाला बोर्ड पुरतो. १६ कोअरचा ७९५०एक्स लावणार असाल तर त्याची मर्यादा २३० वॅट, आणि तेव्हा हा हिशेब वेगळा.

आता एक गोष्ट, जी परदेशी समीक्षांमध्ये वाचायला मिळत नाही. यूट्यूबवरच्या व्हीआरएम चाचण्या बहुतेक वेळा २१-२२ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावला एसी नसलेल्या खोलीत ३७-३८ अंश सहज असतात. खोली १५ अंशांनी तापली तर व्हीआरएमही साधारण तेवढाच वर सरकतो. चाचणीत ८५ अंश दाखवणारा बोर्ड विदर्भात शंभरी गाठेल, आणि शंभरीच्या पुढे अनेक बोर्ड प्रोसेसरला लगाम घालतात. पुण्या-नाशकात थोडी सूट मिळते. पण विदर्भ-खानदेशातल्या माणसाने व्हीआरएमवर हीटसिंक नसलेला बोर्ड मोठ्या प्रोसेसरसाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाता जाता: पाण्यावर चालणारा कूलर लावला की सॉकेटभोवतीची हवा हलायची थांबते. ७६०० सोबत फुकट येणारा छोटा पंखा वारा खाली फेकतो आणि त्यातला काही व्हीआरएमला लागतो. स्वस्त बोर्डवर दहा हजारांचा वॉटर कूलर बसवणारे लोक प्रोसेसर थंड करून बोर्ड तापवत असतात.

रॅमचे दोन स्लॉट पुरतात

'चार स्लॉट असले तर पुढे रॅम वाढवता येईल' हा सल्ला डीडीआर४ च्या काळात बरोबर होता. डीडीआर५ मध्ये, विशेषतः एएम५ वर, चार पट्ट्या लावल्या की मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. रायझेन ७००० साठी दोन पट्ट्यांची अधिकृत गती ५२०० आहे, चार पट्ट्यांची ३६००. काहींचं नशीब जोरावर असतं आणि त्याहून जास्त चालते, पण भरवसा नाही. म्हणून १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्यायच्या आणि दोन स्लॉटच्या बोर्डला नाक मुरडायचं नाही. एकच पट्टी घेऊन 'दुसरी पुढच्या महिन्यात' हे मात्र करू नका. एका पट्टीने मेमरीचा निम्मा मार्ग बंद राहतो.

रायझेन ७००० साठी ६००० ची रॅम सोयीची मानली जाते. ती लावल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो प्रोफाइल (रॅमला तिची जाहीर गती देणारी सेटिंग) चालू करावी लागते, इंटेलवर एक्सएमपी. नाही केली तर तीच रॅम ४८०० किंवा तिच्या मूळ गतीवर चालते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. एएम५ चा पीसी पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहतो. तेव्हा बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून मेन स्विच बंद करू नका.

एसएसडी, पोर्ट आणि बारीक अक्षरं

एम.२ चे, म्हणजे एसएसडी थेट बोर्डवर बसते ते, दोन स्लॉट हवेत, त्यातला एक थेट प्रोसेसरला जोडलेला आणि किमान ४.० चा. दुसऱ्या स्लॉटबद्दल बोर्डाचं मॅन्युअल वाचायचं. कंपनीच्या साइटवर त्याची पीडीएफ फुकट मिळते. तिथे तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली तर अमुक साटा पोर्ट बंद होईल. जुन्या दोन-तीन हार्ड डिस्क जोडायच्या असतील तर हे वाक्य निर्णायक ठरतं.

वाय-फाय नसलेला बोर्ड घ्यायला काहीच हरकत नाही. यूएसबीचा डोंगल किंवा पीसीआयई कार्ड नंतर लावता येतं. काही बोर्डांवर वाय-फाय कार्डासाठी एम.२ चा छोटा 'की-ई' स्लॉट असतो. त्यात लावायला जुन्या लॅपटॉपचं इंटेल कार्ड काढणार असाल तर नंबर बघा. एएक्स२०० आणि एएक्स२१० कुठेही चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ यांचं अर्धं काम इंटेलच्या चिपसेटमध्ये असतं, त्यामुळे एएमडीच्या बोर्डवर ती चालत नाहीत.

नेटवर्क १ गिगाबिटचं की २.५ चं, यावर वेळ घालवू नका. घरातलं ब्रॉडबँड बहुधा १०० ते ३०० एमबीपीएसचं असतं. आवाजाची चिप एएलसी८९७ असली तरी साध्या हेडफोनला चालते. मागचे यूएसबी पोर्ट मात्र मोजा. कीबोर्ड, माउस, वेबकॅम, प्रिंटर, हेडसेट एवढ्यातच पाच गेले. कॅबिनेटच्या पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डवर त्याची जोडणी आहे का तेही बघा. स्वस्त बोर्डांवर ती हमखास गाळलेली असते आणि कॅबिनेटचा पोर्ट शोभेपुरता उरतो. रंगीत पंखे घेणाऱ्यांसाठी एवढंच की तीन पिनांची जोडणी ५ व्होल्टची आणि चार पिनांची १२ व्होल्टची. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टला लावली की दिवे कायमचे विझतात.

बोर्डवर एचडीएमआय पोर्ट असला म्हणजे त्यातून चित्र येईलच असं नाही. चित्र येतं ते प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं. १२४००एफ, ७५००एफ आणि रायझेन ५ ५६०० मध्ये ते नाहीच. ग्राफिक्स कार्ड नंतर घेऊ असं ठरवलेल्यांनी ७६०० घ्यावा, त्यात कामचलाऊ ग्राफिक्स आहे. ८५००जी मध्ये ग्राफिक्स बरं आहे, पण नंतरच्या कार्डासाठी त्यात फक्त चार लेन उरतात. मग बोर्ड कितीही भारी असला तरी उपयोग नाही.

बायोस

बोर्ड हा फक्त वस्तू म्हणून विकत घ्यायचा नसतो, त्यामागे पुढची काही वर्षं बायोस दुरुस्त करत राहणारी कंपनीही हवी. याची दोन मोठी उदाहरणं ताजी आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही रायझेन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याचं समोर आलं. एक्स्पो चालू केल्यावर बोर्ड एसओसीला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली आणि ती बायोसमधून घरोघरी पोचली. पुढच्या वर्षी इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरचं प्रकरण गाजलं. जादा व्होल्टेजने ते हळूहळू खराब होत होते. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंटेलने दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण ती दुरुस्तीही बायोसमधूनच, आणि झालेलं नुकसान तिने भरून येत नाही. जुन्या दुकानी साठ्यातला बोर्ड अशा प्रोसेसरसोबत घेतला तर पहिलं काम बायोस अपडेट, विंडोज नंतर.

दुसरी अडचण नेहमीची आहे. बी६५० बोर्ड २०२३ मध्ये बनून गोदामात पडलेला, आणि तुमचा ९६००एक्स प्रोसेसर २०२४ चा. बोर्ड त्याला ओळखतच नाही. यासाठी 'बायोस फ्लॅशबॅक'चं बटण असलेला बोर्ड मी दोन-पाचशे रुपये जास्त देऊनही घेईन. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्यायचं, खूण केलेल्या पोर्टमध्ये लावायचा आणि बटण दाबायचं. प्रोसेसर, रॅम काहीही लागत नाही, फक्त एसएमपीएस. हे चालू असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून करायचं. हे बटण नसलेल्या बोर्डवर मात्र मध्येच वीज गेली तर बोर्ड मुका होतो, म्हणून अपडेट करताना यूपीएस हवाच.

बोर्ड घेण्याआधी कंपनीच्या साइटवर त्याच्या पानावर जा आणि शेवटचा बायोस कधीचा आहे ते बघा. सगळे भाऊबंद बोर्ड पुढे गेले आणि तुमचाच दीड वर्षापूर्वीच्या तारखेवर थांबला असेल, तर कितीही सूट असली तरी सोडून द्या.

मग घ्यायचा कुठला

७६०० आणि ५०६० वर्गाचं कार्ड धरलं तर माझी निवड बी६५० चा मायक्रो-एटीएक्स बोर्ड. उदाहरणच द्यायचं तर एएसरॉकचा बी६५०एम-एचडीव्ही/एम.२. दिसायला साधा, रॅमचे दोन स्लॉट, वाय-फाय नाही, आवाजाला एएलसी८९७. पण वीज ८+२+१ ची, व्हीआरएमवर हीटसिंक, एम.२ चे दोन स्लॉट. सगळी काटकसर पहिल्या गटात केलेली आणि दुसऱ्या गटाला हात लावलेला नाही. २०२५ मध्ये याच कंपनीच्या बोर्डांवर रायझेन ७ ९८००एक्स३डी जळाल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि कंपनीने प्रवाहाच्या मर्यादा खाली आणणारा बायोस काढला. तेव्हा पुढे एक्स३डी लावणार असाल तर ताजा बायोस आधी. आसूस, एमएसआय, गिगाबाइट यांच्याकडेही या तोलाचे बोर्ड आहेत. त्या आठवड्यात जो स्वस्त असेल तो घ्या, ब्रँडची भक्ती नको.

पुढे कधीच मोठा प्रोसेसर लावणार नाही याची खात्री असेल तर हीटसिंकवाला ए६२० सुद्धा पुरेसा आहे. वाचलेले पैसे जास्त मेमरीच्या ग्राफिक्स कार्डात किंवा चांगल्या एसएमपीएसमध्ये घाला. तिथे ते दिसतील.

मायक्रो-एटीएक्स बोर्डाचं माप २४४ गुणिले २४४ मिलिमीटर, पण स्वस्तातले बरेच बोर्ड रुंदीला त्याहून अरुंद असतात. त्यांच्या उजव्या कडेखाली स्क्रूचा आधार नसतो आणि २४ पिनांचा मोठा कनेक्टर नेमका त्याच कडेला. तो दाबताना बोर्ड वाकतो, म्हणून कडेखाली बोट धरून दाबा.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, एएम५ आणि इंटेल दोन्हींच्या पिना आता प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, आणि वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत. सर्व्हिस सेंटर ते गिऱ्हाइकाने केलेलं नुकसान धरतं. दुकानात काउंटरवरच खोकं उघडा, कव्हर उचलून मोबाइलच्या उजेडात सॉकेट तिरप्या नजरेने बघा आणि फोटो काढा. ऑनलाइन आलं तर खोकं फोडण्यापासून व्हिडिओ चालू ठेवा. जीएसटी बिल घ्या, त्यावर बोर्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी किती वर्षांची व ती कोण बघणार हे तिथेच विचारा. सॉकेटवरचं प्लास्टिकचं कव्हर प्रोसेसर बसवताना निघून येतं. ते कचऱ्यात न टाकता खोक्यात ठेवा, बोर्ड दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर ते लावूनच द्यावा लागतो.